आधी माप, मग सायकल

गेल्या महिन्यात माझा भाचा घरी आला आणि चहा यायच्या आधीच म्हणाला, "मामू, सायकल घ्यायचीय. नीट घ्यायचीय. रोड बाइक." हातातल्या मोबाइलमध्ये त्याने दोन सायकलींची चित्रे काढून ठेवली होती. एक साडेदहा किलोची, दुसरी पावणेदहाची. किमतीत सोळा हजारांचा फरक. यातली कुठली घेऊ, एवढेच त्याला माझ्याकडून ऐकायचे होते. मी विचारले, "तुझं माप किती?" तो म्हणाला, "कसलं माप?"

हाच प्रश्न पाच वर्षांपूर्वी मला कुणी विचारला असता, तर माझे नऊ हजार रुपये आणि चार महिने वाचले असते. तो अनुभव भाच्याला सांगता सांगता वाटले, पहिली चांगली सायकल घ्यायला निघालेले असे पुष्कळ जण असतील. काही तरुण, काही माझ्यासारखे डॉक्टरांनी पिटाळलेले. त्यांच्यासाठी हे चार शब्द.

खरे तर मी चुकायलाच नको होतो. आमचे घरच सायकलीचे. साताऱ्यात अब्बांचे सायकलचे दुकान होते. दुकान म्हणजे काय, तीन फळ्यांचे दार, भाड्याने द्यायच्या अकरा सायकली, हवेचा पंप आणि ट्यूब बुडवून बुडबुडे बघायला एक चेपलेले घमेले. तासाला पन्नास पैसे भाडे. दिव्याशिवाय सायकल चालवली की पोलीस हवा सोडायचे आणि डबलसीट दिसले की शिट्टी मारायचे, त्या काळातली ही गोष्ट. त्या दुकानात पंक्चर काढत काढतच मी बी. ए. झालो. पुढे नोकरी लागली, स्कूटर आली, कविता आल्या, पोट आले. २०२० साली रक्तातली साखर वाढल्याचे निघाले तेव्हा डॉक्टर म्हणाले, "चाला, नाहीतर सायकल चालवा." मी सायकल म्हणालो. मुलाने सुचवले, घेतोच आहात तर चांगली घ्या.

आता चांगली म्हणजे कोणती? अब्बांच्या दुकानातली काळी सायकल काही वाईट नव्हती. दुधाचे कॅन, गव्हाचे पोते आणि वर एक माणूस असे तिने निमूट वाहिले आहे. पण ती वीस किलोच्या घरात जायची आणि तिच्यावर माणूस खुर्चीत बसावा तसा ताठ बसायचा. सायकल हळू चालली आहे तोवर हे सुखाचे. वेग वाढला की गोष्ट बदलते, कारण समोर वारा उभा असतो. वारा पडलेला असला तरी आपण हवेत घुसतोच आहोत. वेग दुप्पट केला की हवेचा विरोध चौपट होतो, आणि तो तोडायला लागणारी ताकद आठपट. सपाट रस्त्यावर ताशी तीस किलोमीटरने जाणाऱ्याची बहुतेक मेहनत हवा कापण्यातच खर्च होते. म्हणून रोड बाइकचे हँडल पुढे आणि खाली वळवलेले असते. मेंढ्याच्या शिंगांसारखे दिसते ते. त्यावर हात ठेवायच्या तीन जागा असतात. वरची आडवी दांडी, ब्रेकच्या मुठी आणि खालची वळणे. तासन् तास चालवायचे तर हात एकाच जागी राहू नयेत, हा त्यातला मोठा फायदा. निम्मा वेळ तर आपण ब्रेकच्या मुठींवरच असतो.

मी सायकल घ्यायला पुण्याला गेलो ते २०२१ साल. टाळेबंदीनंतर जगभर सायकलींना एकाएकी मागणी आली होती आणि माल कुठेच पुरत नव्हता. ज्या दुकानात गेलो तिथे माझ्या ऐपतीतली एकच रोड बाइक शिल्लक होती, चोपन्न नंबरची. माझी उंची पाच फूट चार इंच. मी वर बसलो, दोन चकरा मारल्या. उभे राहिल्यावर दांडा टोचत होता. दुकानातला मुलगा म्हणाला, "सवय होते काका. सीट खाली करून देतो." वर हेल्मेट फुकट. मी पैसे मोजले. पंक्चरवाल्याचा मुलगा आणि एका फुकटच्या हेल्मेटला भुलला!

पहिला आठवडा हौसेचा गेला. दुसऱ्या आठवड्यापासून डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट बधिर पडू लागले. महिन्याने लेखणी धरताना ती दोन बोटे दुसऱ्याचीच वाटायला लागली. मान धरू लागली. हँडल लांब पडते हे कळत होते, म्हणून मी सीट पुढे सरकवली. मग गुडघे पुढच्या बाजूने दुखायला लागले. वयाला दोष दिला. सायकल ओसरीत भिंतीला लागली आणि चौथ्या महिन्यात तिच्या त्या सुंदर हँडलवर पंचे वाळू लागले. साखर मात्र होती तिथेच होती.

अब्बा तेव्हा ऐंशीच्या आसपास होते. दुकान बंद करून त्यांना बरीच वर्षे झालेली. एक दिवस त्यांनी पंचा काढून बाजूला ठेवला आणि म्हणाले, "बस बरं हिच्यावर." मी भिंतीला धरून बसलो. त्यांनी चहूबाजूंनी पाहिले. मग मला उतरवून माझे कोपर सीटच्या टोकाला लावायला सांगितले आणि बोटे हँडलकडे सरळ करायला लावली. बोटांच्या टोकापासून हँडलची दांडी चांगली चार बोटे पुढे राहिली. "गाडी छान आहे," अब्बा म्हणाले. "पण ही तुझी नव्हे. ही कुणातरी उंच माणसाची आहे."

भाड्याने सायकल देतानाही अब्बा असेच करायचे, हे मला तेव्हा आठवले. बावीस इंची आणि चोवीस इंची अशा दोन मापांच्या सायकली असत. कोपर लावून, नाहीतर सीट बगलेत धरून पायडलच्या धुऱ्याला बोटे पोचतात का ते बघून ते सायकल द्यायचे. चोवीस इंचीसाठी हट्ट धरणाऱ्या कितीतरी पोरांना त्यांनी बावीस इंचीवर बसवले असेल. हे ठोकताळे आहेत, शास्त्र नव्हे, पण माझ्या बाबतीत ते पुरेसे ठरले.

आता शास्त्र सांगतो, कारण या सगळ्या लेखातला हाच भाग महत्त्वाचा आहे. बाकीचे विसरलात तरी चालेल.

रोड बाइकच्या चौकटीचे माप सेंटिमीटरमध्ये असते. अठ्ठेचाळीस, पन्नास, बावन्न, चोपन्न, छपन्न असे. काही कंपन्या नुसतेच एस, एम, एल लिहितात. एका कंपनीची बावन्न दुसरीच्या चोपन्नएवढी भरू शकते, तेव्हा नुसत्या आकड्यावर जाऊ नये. आधी आपले माप घ्यावे. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभे राहायचे, पावलांत वीतभर अंतर, आणि एक जाड बांधणीचे पुस्तक दोन्ही पायांच्या मध्ये घट्ट वर दाबून धरायचे, सीटवर बसल्यासारखे. पुस्तकाची वरची कड भिंतीवर जिथे टेकते तिथपासून जमिनीपर्यंत मोजायचे. (मी माझाच कवितासंग्रह वापरला. त्याच्या शिल्लक प्रती घरात भरपूर आहेत.) माझे माप पंचाहत्तर सेंटिमीटर भरले. या आकड्याला ०.८८३ ने गुणले की पायडलच्या धुऱ्याच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची मिळते. माझी आली सहासष्टच्या थोडी वर. हा गुणक तूर द फ्रान्स तीनदा जिंकलेल्या अमेरिकेच्या ग्रेग लेमाँड यांच्या नावाने ओळखला जातो. गणित नको असेल तर दुसरी साधी रीत आहे. सीटवर बसून टाच पायडलवर ठेवा आणि पायडल अगदी खाली न्या. पाय नेमका सरळ झाला पाहिजे. मग चालवताना चवडा ठेवाल तेव्हा गुडघ्यात हवा तेवढा बाक आपोआप राहतो. सीट फार खाली असली की गुडघा पुढून दुखतो, फार वर असली की मागून दुखतो आणि कंबर डावी-उजवी हलते.

सीटची उंची कमी-जास्त करता येते, म्हणून लोकांना वाटते की माप जमले. खरी मेख लांबीत आहे. सीटपासून हँडलपर्यंतचे अंतर चौकटीतच ठरलेले असते आणि ते एका मर्यादेपलीकडे बदलता येत नाही. हँडल ज्या आडव्या तुकड्याने बसवलेले असते, ज्याला स्टेम म्हणतात, तो थोडा आखूड टाकून एक-दोन सेंटिमीटर मिळवता येतात. त्याहून जास्त कमी केले की सायकल हातात फडफडते. सीट पुढे सरकवून लांबी कमी करणे, जे मी केले, ती तर चूकच. सीटची पुढची-मागची जागा गुडघ्यासाठी ठरवायची असते, हातासाठी नव्हे. हँडल लांब पडले की माणूस पुढे ओणवा होतो, शरीराचा भार तळहातांवर येतो आणि करंगळीकडे जाणारी जी नस तळव्यातून जाते ती दाबली जाते. माझी बधिर बोटे तिथून आलेली होती. डॉक्टरांनी नंतर हेच सांगितले, अब्बांनी नुसते चार बोटे अंतर दाखवले होते.

सायकलच्या माहितीपत्रकात स्टॅक आणि रीच असे दोन आकडे असतात. पायडलच्या धुऱ्यापासून हँडलखालची नळी किती उंच आहे तो स्टॅक आणि किती पुढे आहे तो रीच. शर्यतीच्या सायकलीत स्टॅक कमी असतो, स्वार आडवा होतो. लांब पल्ल्याच्या सायकलीला एन्ड्युरन्स म्हणतात, तिचा स्टॅक जास्त असतो, पाठ थोडी उठलेली राहते. दोन्ही दिसायला सारख्याच, पण पहिल्यांदा घेणाऱ्याने, मग तो विशीतला का असेना, दुसऱ्या प्रकारचीच घ्यावी असे माझे मत आहे. हँडलची रुंदी खांद्यांच्या रुंदीएवढी असावी. आणि ब्रेक बघून घ्या. आपल्याकडे उजव्या हाताला पुढचा ब्रेक असण्याची सवय आहे, बाहेरून आलेल्या सायकलीत तो डाव्या हाताला असू शकतो. ऐन वेळी हात चुकतो.

मी ती चोपन्न नंबरची विकली आणि पन्नास नंबरची घेतली. मघाचे नऊ हजार गेले ते यात. दोन आठवड्यांत बोटे परत माझी झाली.

भाच्याला हे सगळे सांगितले तर तो म्हणाला, "पण मामू, वजन?" या वजनाचे पोरांना फार वेड. जागतिक सायकल संघटनेच्या नियमाने शर्यतीची सायकल ६.८ किलोहून हलकी चालत नाही. तिथे शंभर-दोनशे ग्रॅमसाठी लोक लाखो रुपये ओततात आणि त्यांचे बरोबर आहे, ते त्यांचे पोट आहे. आपल्याला आपले पोट दोन किलोने कमी करणे जास्त स्वस्त पडते. पहिली सायकल अ‍ॅल्युमिनियमची, पुढचा चिमटा कार्बनचा, एवढे पुरे. रस्त्याची बारीक थरथर कार्बन शोषून घेतो. पूर्ण कार्बनची चौकट हलकी असते, पण कुठे आपटून आत चीर गेली तर ती वरून दिसत नाही. जुनी घेणार असाल तर हे विशेष लक्षात ठेवा. चांगले पोलाद मिळाले तर तेही उत्तम, पण आता आपल्या बाजारात ते शोधावे लागते.

गिअरचे सामान बहुतेक शिमानो या जपानी कंपनीचे असते. १९२१ साली साकाई गावात एका कारागिराने फ्रीव्हील बनवायला सुरुवात केली, तिथून ही कंपनी वाढली. अब्बा हे ऐकून खूश झाले होते. फ्रीव्हील उघडून आतली बारीक कुत्री साफ करून परत बसवणे हा त्यांचा हातखंडा होता. क्लॅरिस, सोरा, टियाग्रा, १०५ अशा चढत्या पायऱ्या आहेत. वर जाल तसे मागच्या चकत्या वाढतात, वजन कमी होते, गिअर लोण्यासारखा पडतो. पहिल्या सायकलीला खालच्या दोन पायऱ्यांपैकी कुठलीही चालते.

पायरीपेक्षा दाते मोजा. अब्बांच्या जुन्या सायकलीला पुढे चव्वेचाळीस दाते आणि मागे अठरा. पायडलच्या एका फेऱ्यात ती साडेपाच मीटरच्या आसपास पुढे जाते, चढ असो की उतार. चढावर एकच उपाय, उतरा आणि ढकला. माझ्या सायकलीला पुढे दोन चकत्या आहेत, पन्नास आणि चौतीस दात्यांच्या, आणि मागे अकरापासून बत्तीसपर्यंत. पन्नास-अकरावर एका फेऱ्यात साडेनऊ मीटर, चौतीस-बत्तीसवर जेमतेम सव्वादोन. हे सव्वादोन मीटर मला यवतेश्वरच्या घाटात वर नेतात. समर्थ मंदिर सोडले की तो चढ लागतो आणि वर गेल्याशिवाय सोडत नाही. सह्याद्रीच्या पायथ्याला राहणाऱ्याने मागे बत्तीस किंवा चौतीस दाते मागून घ्यावेत. दुकानदार म्हणेल, तरुणांना अठ्ठावीस पुरतात. त्याला घाट चढायचा नसतो. तूर द फ्रान्स १९०३ साली सुरू झाली, पण साखळी सरकवणाऱ्या गिअरला तिथे १९३७ साली मुभा मिळाली. तोवर स्वार चढापाशी उतरायचे, मागचे चाक काढून उलटे बसवायचे, कारण दुसऱ्या बाजूला मोठी चकती असायची. तेव्हा सोपा गिअर वापरण्यात कमीपणा मानायचे कारण नाही. त्या लोकांनाही तो हवाच होता.

टायरबद्दल एक जुना गैरसमज आहे, जेवढा बारीक तेवढा वेगवान. शर्यतवालेही पूर्वी तेवीस मिलिमीटरचे टायर दगडासारखे फुगवून चालवत. आता तेही अठ्ठावीसवर आले आहेत. कारण सोपे आहे. खरबरीत रस्त्यावर कडक टायर उड्या मारतो, प्रत्येक उडीत थोडी मेहनत वाया जाते आणि कंबर हादरते ती वेगळीच. आपल्या रस्त्यांना अठ्ठावीस बरा, चौकटीत जागा असेल तर बत्तीस आणखी बरा. हवा किती भरायची त्याची कमाल मर्यादा टायरच्या कडेला छापलेली असते. ती कमाल आहे, रोज भरायचा आकडा नव्हे. माणूस हलका तर हवाही कमी. अंगठ्याने दाबून बघायची आपली पद्धत इथे उपयोगाची नाही, घरी काटा असलेला उभा पंप हवा. या टायरची हवा आपोआप उतरते, दर दोन-तीन दिवसांनी बघावी लागते.

आणखी एक गोष्ट, जी दुकानात कुणी सांगत नाही. या ट्यूबचा व्हॉल्व्ह बारीक असतो, वरचे मळसूत्र सैल केल्याशिवाय हवा जात नाही. हायवेवरच्या पंक्चरवाल्याकडे त्याचा नोझल बहुधा नसतो. एक इवलासा पितळी जोड मिळतो, तो चढवला की स्कूटरच्या पंपाने हवा भरता येते. चहाच्या दोन-चार कपांच्या किमतीचा तो तुकडा मी किल्लीच्या जुडग्यात ठेवतो. त्याच्यासोबत सीटखालच्या पिशवीत एक जादा ट्यूब, टायर काढायच्या दोन प्लॅस्टिकच्या पट्ट्या, ठिगळे, घडीचा पान्ह्यांचा संच आणि चौकटीला लावलेला हातपंप. आणि ट्यूब बदलायची घरी दोनदा तालीम करा. पाऊस सुरू असताना रस्त्याच्या कडेला शिकायची ती गोष्ट नाही. ब्रेक डिस्कचे घ्यावेत की रिमचे, यावर लोक भांडतात. पावसाळ्यात घाट उतरायचा असेल तर डिस्क, माझ्यापुरता वाद संपला.

पावसाळ्यात घाट उतरायचा, यावरून आठवले.

२०२२ च्या ऑगस्टमध्ये मी कासच्या बाजूने परत येत होतो. यवतेश्वरच्या उतारावर एका वळणावर डोंगरातून माती वाहून आली होती. मी वळणातच पुढचा ब्रेक दाबला. पुढचे चाक हातातून गेले, मी डाव्या कुशीवर पडलो आणि डोके डांबरावर आपटले. आवाज मला अजून ऐकू येतो, नारळ फोडल्यासारखा. उठून बसलो. कोपर सोलले होते, टाके पडले. हेल्मेटवर बाहेरून नुसता ओरखडा. घरी येऊन अस्तर काढले तर आतला पांढरा फेस आरपार चिरलेला. दुकानात भुलवायला दिलेले ते फुकटचे हेल्मेट मी पहिल्याच महिन्यात बदलले होते, कारण ते डोक्यावर फिरत होते. ते असते तर काय झाले असते, हा विचार मी फार वेळ करत नाही.

हेल्मेटचे काम एवढेच आहे. आतला फेस, जो थर्मोकोलचाच घट्ट भाऊ, तो आपटल्यावर चेपतो आणि फुटतो. डोके एकदम थांबण्याऐवजी त्या दीड-दोन सेंटिमीटरमध्ये थांबते. म्हणजे ते एकदाच काम करते. एकदा जोरात आपटलेले हेल्मेट बाहेरून धड दिसले तरी टाकून द्यायचे, कुणाला द्यायचेही नाही. घेताना आत ईएन १०७८ किंवा सीपीएससी असा शिक्का बघा. भुवयांच्या वर दोन बोटे बसले पाहिजे, मागे टोपीसारखे ढकललेले नको. पट्टे कानाखाली इंग्रजी व्हीसारखे जुळावेत आणि हनुवटीखाली एखाद-दुसरे बोट जाईल इतकीच जागा राहावी. पट्टा न लावता डोकी हलवून बघा, हेल्मेट हलता कामा नये. मोठमोठे शर्यतवालेसुद्धा वर्षानुवर्षे हेल्मेटला नाके मुरडत होते. २००३ च्या मार्चमध्ये पॅरिस-नीस शर्यतीत कझाकस्तानचा आंद्रे किविलेव्ह डोक्यावर पडून दगावला, त्यानंतर त्याच वर्षी जागतिक संघटनेने ते सक्तीचे केले. आपल्या गावात अजून लोक म्हणतात, "सायकलला कशाला हेल्मेट?" त्यांना मी ते चिरलेले आणून दाखवतो. तेवढ्यासाठी ठेवले आहे.

दिव्यांचे थोडक्यात सांगतो. पुढे पांढरा, मागे लाल, आणि मागचा दिवसाही लुकलुकता. मागून येणाऱ्याला आपण दिसलो पाहिजे, आपल्याला रस्ता दिसणे त्यानंतर. लांब पल्ल्याच्या ब्रेव्हे नावाच्या सहली असतात, त्यात दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत पूर्ण करायचे असतात. त्यातही रात्री दिवे आणि चकाकणारे जाकीट सक्तीचे. डोळ्यांना साधा पारदर्शक चष्मा लावा. संध्याकाळी चिलटे डोळ्यांत जातात आणि उतारावर डोळा मिटणे परवडत नाही. हातमोजे घ्या, पडताना माणूस आधी तळहात टेकवतो.

आता गादीची चड्डी. हसू नका. मी पण हसलो होतो. आमच्या मोहल्ल्यातून पन्नाशीच्या कवीने असली घट्ट चड्डी घालून जायचे म्हणजे काय! पण तासाभराच्या पुढे चालवायचे असेल तर पर्याय नाही. सायकलीची सीट अरुंद असते ती मांड्या घासू नयेत म्हणून. तिच्यावर मऊ जाड कव्हर चढवले तर मांड्या जास्त घासतात. म्हणून गादी सीटला न लावता चड्डीला लावतात. ती चड्डी आतून काही न घालता घालायची असते, नाहीतर शिवण टोचते. मी वरून एक सैल बर्मुडा घालतो. माझी आब राहते आणि खिसेही मिळतात. सैल पायजमा मात्र नको. साखळीत पायजमा अडकून पडलेल्यांच्या जखमा मी दुकानात लहानपणापासून पाहिल्या आहेत. पायडलला बूट अडकवण्याची पद्धत वर्षभरानंतर बघा. आधी सपाट तळव्याचे साधे बूट चालतात.

पैशाचे गणित मी भाच्याला असे घातले. पन्नास हजार असतील तर चाळीसचीच सायकल बघायची. हेल्मेट, दिवे, पंप, चड्डी, कुलूप यांत उरलेले दहा सहज जातात. लोक सगळे पैसे सायकलीत घालतात आणि हेल्मेट पुढच्या पगारावर ठेवतात. सप्टेंबर २०२५ मध्ये सायकलींवरचा जीएसटी बारा टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर आला आहे, तेवढी वजाबाकी मागून घ्या.

मग आम्ही त्याचे माप घेतले. भिंत माझी, कवितासंग्रह माझा, टेप माझ्या बहिणीच्या शिवणकामाची. अठ्ठ्याहत्तर भरले. अब्बा खुर्चीवरून बघत होते. नातू समोरून गेला तेव्हा म्हणाले, "बावन्न. चोपन्न देतील, घेऊ नकोस."

पुढच्या रविवारी आम्ही दुकानात गेलो. चाळीस हजारांतली, एन्ड्युरन्स प्रकारची, मागे बत्तीस दात्यांची सायकल समोरच उभी होती. काळी-हिरवी, देखणी. चोपन्न नंबरची. दुकानदाराने तीन हजार कमी केले आणि म्हणाला, "सीट खाली करून देतो." भाच्याने माझ्याकडे पाहिले. मी बाहेर बघत राहिलो. मग त्याने वाकून सीटच्या टोकाला कोपर लावले, बोटे सरळ केली आणि नाही म्हणाला. बावन्न मागवायला तीन आठवडे लागतील. आगाऊ रक्कम देऊन आलो. हेल्मेट मात्र त्याने त्याच दिवशी आणले, आणि तेव्हापासून ते घालून घरात फिरतो, असे बहीण सांगते.